हायलक्स: मारूनही न मरणारा पिकअप

परवा महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर टोयोटा हायलक्स दिसली आणि राहवलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मार्च 1968 मध्ये ही गाडी जपानमध्ये आली. बनवायची हिनो कंपनी, विकायची टोयोटा. इंजिन फक्त 1.5 लिटरचं, पण हौद्यात टनभर माल!

1979 मध्ये फोर-व्हील ड्राइव्ह मिळाला आणि शेत, खाण, वाळवंट सगळीकडे तिचं बस्तान बसलं.

1987 च्या चाड-लिबिया लढाईत चाडच्या सैन्याने टोयोटा पिकअपवर रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं चढवली. त्या युद्धाला ‘टोयोटा वॉर’ असंच नाव पडलं.

2003 मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ने एक जुनी हायलक्स समुद्रात बुडवली, पेटवली, पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या गच्चीवरही ठेवली. तरी ती सुरू झाली!

या चिवटपणाचं गुपित? शिडीसारखी भक्कम चासी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन आणि साध्या हत्यारांनी होणारी दुरुस्ती.

भारतात ती 2022 मध्ये आली, 2.8 लिटर डिझेल इंजिनासह. हे इंजिन फॉर्च्युनरमध्येही आहे.

आखातात नोकरी केलेल्यांपैकी कुणी चालवली आहे का? अनुभव लिहा. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.