इलेक्ट्रिकलच्या मुलांनो, इलेक्टिव्ह निवडताना नाव नको, पाया पाहा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमारास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉर्म येतो. इलेक्टिव्ह विषय निवडा, मुदत दोन दिवस. ज्याच्या घरात आधी कुणी इंजिनिअर आहे, तो त्याच रात्री काकाला किंवा मोठ्या भावाला फोन करतो. आपल्याकडची बरीच मुलं-मुली घरातली पहिलीच इंजिनिअर असतात. ती शेजारच्या बाकावर विचारतात, ‘तू काय भरलंस?’ आणि तेच भरून मोकळी होतात.

छत्रपती संभाजीनगरात अभ्यासिकांमध्ये आणि वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आमच्यापर्यंत दरवर्षी येतो. आम्ही स्वतः इंजिनिअर नाही, समाजशास्त्र शिकलेले कार्यकर्ते आहोत. म्हणून वाळूज, चिकलठाण्यात नोकरी करणाऱ्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांना विचारून आणि अभ्यासक्रम समोर ठेवून हे लिहीत आहोत.

कॉम्प्युटर शिकायचा, पण शाखा सोडण्यासाठी नाही

‘इलेक्ट्रिकलला आता काही राहिलं नाही, कोडिंग शिका आणि आयटीत जा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. आयटीत जायचं असेल तर जरूर जा. पण वीजक्षेत्रच आता आकड्यांवर चालू लागलं आहे, हेही लक्षात घ्या. जुन्या मीटरचं रीडिंग महिन्यातून एकदा घेतलं जायचं. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाला नोंद करत असेल, तर एका घराच्या दिवसाला ४८ आणि ३० दिवसांत १,४४० नोंदी होतात. देशात विजेचं नियोजन १५ मिनिटांच्या टप्प्यांनी होतं, म्हणजे दिवसाचे ९६ टप्पे. प्रत्येक टप्प्यात किती वीज लागेल आणि ढग आले तर सौरऊर्जा किती घटेल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. कारखान्यात मोटार जळण्याआधी तिच्या करंटच्या आणि कंपनाच्या नोंदींवरून बिघाड ओळखायचा असतो. ज्याला मोटारही कळते आणि आकडेही कळतात, असा माणूस तिथे हवा असतो. निव्वळ कोडिंग येणाऱ्याला मोटार कळत नाही. तुम्हाला ती कळते.

वीज हा विषय आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. देशाच्या वीजविकासाचा तांत्रिक अभ्यास करणारं सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड त्याच काळात, १९४४ मध्ये उभं राहिलं.

सांख्यिकी कशाला?

‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द ऐकला की मुलं तो विषय टाळतात. आम्हीही टाळायचो. वस्तीची पाहणी करायला लागलो तेव्हा त्याची किंमत कळली.

समजा, वस्तीतली डीपी १०० केव्हीएची आहे आणि तिच्यावरचा सरासरी भार ६० आहे. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण संध्याकाळी सात ते दहा भार १२० वर जात असेल तर डीपी जळण्याचा धोका वाढतो, आणि जळली तर आठवडाभर अंधारात बसणार वस्ती. सरासरीमागे काय दडलं आहे ते शोधायला सांख्यिकी शिकवते.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. समजा, वीजचोरी पकडणारा एक प्रोग्राम १,००० मीटर तपासतो. त्यातल्या २० मीटरमध्ये खरोखर छेडछाड आहे. प्रोग्राम चोरीची ९० टक्के प्रकरणं पकडतो आणि प्रामाणिक ग्राहकांपैकी फक्त ५ टक्के लोकांवर चुकून बोट ठेवतो. ऐकायला उत्तम वाटतं. आता हिशोब करा. २० पैकी १८ सापडले. उरलेल्या ९८० पैकी ४९ निर्दोष लोक यादीत आले. म्हणजे ६७ जणांच्या यादीत ४९ निर्दोष, चारातले जवळजवळ तीन. ही यादी घेऊन पथक वस्तीत शिरलं तर चोर म्हणून कुणाकडे बघितलं जाईल, हे सांगायला नको. कोड लिहिणाऱ्याला संभाव्यता येत असेल तर तो इथे थांबेल आणि म्हणेल, ‘आधी खात्री करा.’ त्या टेबलावर आपला माणूस असणं आणि त्याला हे गणित येणं, दोन्ही आवश्यक आहे.

कोणत्या क्रमाने निवडायचं?

पहिला पाया: संभाव्यता व सांख्यिकी आणि लिनिअर अल्जिब्रा. गेटच्या इलेक्ट्रिकल पेपरच्या गणितातही हे विषय आहेत. २०२४ पासून गेटमध्ये डेटा सायन्स व आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा स्वतंत्र पेपर सुरू झाला, त्याचा पायाही हाच आहे.

दुसरा: एक प्रोग्रामिंग भाषा, शक्यतो पायथन, आणि त्यासोबत डेटा स्ट्रक्चर्स किंवा डेटाबेस. चार भाषांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा एकीत हात बसू द्या.

तिसरा: न्यूमेरिकल मेथड्स आणि ऑप्टिमायझेशन. पॉवर सिस्टिममध्ये लोड फ्लो सोडवताना न्यूटन-रॅफसन पद्धत येते. कोणत्या जनित्रातून किती वीज घेतली तर खर्च कमी येईल, हा ऑप्टिमायझेशनचाच प्रश्न आहे.

चौथा: यानंतर मशीन लर्निंग, सिग्नल प्रोसेसिंग किंवा स्मार्ट ग्रिड. आधीचं काही न करता थेट ‘एआय’ नावाचा विषय घेतला तर तयार कोड चिकटवण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

सगळं एका डिग्रीत बसणार नाही. दोनच जागा असतील तर आमचं मत सांख्यिकी आणि पायथन.

फॉर्म भरण्याआधी

शहरातलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे. मराठवाड्यातली अनेक कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे विषयांची यादी सगळीकडे सारखी नसते. मित्राच्या कॉलेजची यादी आपली समजू नका. आपल्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी पाहा: युनिटमध्ये नेमकं काय आहे, प्रॅक्टिकलचे तास आहेत का, आणि आधी कोणता विषय झालेला असावा लागतो. काही वेळा नाव मोठं आणि लक्षण खोटं असतं. ‘सोपा पेपर, मार्क मिळतात’ हे कारणही अगदीच चुकीचं नाही, कारण प्लेसमेंटला गुणांची अट असते. पण सगळ्याच जागा त्या हिशोबाने भरू नका.

हवा तो विषय कॉलेजात नसेल तर स्वयम् आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. तिला फी आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. त्याचे क्रेडिट आपलं कॉलेज धरतं का, हे विभागप्रमुखांना आधीच विचारा. लॅपटॉप नसला तरी अडू नका. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं, कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवरही. खाजगी क्लासच्या ‘शंभर टक्के नोकरी’च्या फलकाला भुलून घरच्यांना कर्जात टाकण्याआधी एवढं नक्की करून पाहा.

कार्यकर्त्यांसाठी

जयंतीला, वर्धापनदिनाला आपण गुणवंतांचा सत्कार करतो. चांगलंच आहे. पण त्या मुलाला सत्काराइतकीच गरज फॉर्म भरायच्या आदल्या आठवड्यात असते. सत्र सुरू होताना अभ्यासिकेत एक संध्याकाळ ठेवू या. महावितरणमध्ये, कारखान्यात किंवा आयटीत काम करणारे आपलेच तीन-चार इंजिनिअर बोलवू. मुलांनी आपापल्या अभ्यासक्रमाच्या प्रती आणाव्यात, समोरासमोर बसून विषय ठरवावेत. हाराचा, मंडपाचा खर्च नाही. लागतील त्या दोन तास आणि काही खुर्च्या.

ज्यांच्या घरी विचारायला काका नाही, त्यांचा काका आपण व्हायचं आहे.