सांगलीचा गोळा, साताऱ्याचा बाण

प्रक्षेपित वस्तूचे गणित फळ्यावर मांडताना आपण पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, 'हवेचा रोध नगण्य मानू.' एका शिक्षक-शिबिरात मी हे वाक्य लिहीत असताना मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "पण सर, नगण्य म्हणजे किती? आणि ते ठरवायचं कसं?" मुले हा प्रश्न सहसा विचारत नाहीत, परीक्षेत त्याला गुण नसतात. माझ्याजवळही त्या वेळी चटकन सांगण्यासारखा आकडा नव्हता. घरी येऊन हिशेब केला, आणि त्यासाठी सातारा-सांगलीच्या बाहेर जावे लागले नाही.

४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धेत, सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांनी एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेते कॅनडाचे ग्रेग स्ट्युअर्ट यांची फेक १६.३८ मीटर होती. फरक अवघा ६ सेंटिमीटरचा.

हिशेबासाठी ६ किलोचा लोखंडी गोळा घेऊ. त्याचा व्यास सुमारे ११ सेंटिमीटर भरतो. १६ मीटरच्या फेकीसाठी हातातून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर लागतो आणि गोळा पावणेदोन सेकंद हवेत असतो. हवेचा रोध हा हवेची घनता, वस्तूच्या छेदाचे क्षेत्रफळ, तिच्या आकारावर अवलंबून असणारा रोधगुणांक आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. आकडे घातले की उत्तर येते ०.४ न्यूटन, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम वजनाइतका. गोळ्याचे वजन ६,००० ग्रॅम! रोध वजनाच्या दीडशेव्या हिश्श्याइतकाच.

तरीही या रोधामुळे फेक आठ-दहा सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे त्या दोन पदकांमधील फरकापेक्षा जास्त. मात्र ही कपात सर्वांच्याच फेकीतून जवळपास सारखी होत असल्याने क्रमांक बदलत नाही. जाता जाता आणखी एक गंमत. गुरुत्व त्वरण आपण सगळीकडे ९.८ घेतो, प्रत्यक्षात ते पॅरिसला ९.८१ आणि सांगलीला ९.७८ च्या आसपास आहे. तोच गोळा, त्याच वेगाने आणि त्याच कोनात सांगलीत फेकला असता तर सुमारे ४ सेंटिमीटर पुढे पडला असता. तेव्हा शाळेच्या मैदानावर टेपने अंतर मोजताना हवा खुशाल विसरावी, पण सेंटिमीटरवर पदक ठरत असेल तर 'नगण्य' हा शब्द जपून वापरावा.

आता साताऱ्याकडे वळू. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण! या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त ८ सेंटिमीटर.

बाणाचे वजन २० ग्रॅम, जाडी साडेपाच मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ८० मीटर धरू. लक्ष्य गाठायला त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वामुळे बाण सुटतानाच्या दिशेपासून जवळजवळ दोन मीटर खाली येतो, म्हणून तो सुमारे दोन अंश वर रोखूनच सोडावा लागतो. पण इथे मुख्य मुद्दा हवेचा आहे. बाण सडपातळ, टोकदार. तो हवा सहज कापत जाणार असे आपल्याला वाटते. हिशेब वेगळेच सांगतो. बाणावरचा रोध सुमारे १८ ग्रॅम वजनाइतका येतो, म्हणजे जवळजवळ बाणाच्या वजनाएवढा!

असे का व्हावे? बाण हलका असतो म्हणून, हे सुचणारे पहिले उत्तर चुकीचे आहे. छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे वजन काढा. गोळ्याचे ६० ग्रॅम येते आणि बाणाचे चक्क ८४ ग्रॅम. खरी करामत वेगाची आहे. बाणाचा वेग गोळ्याच्या साडेसहापटीहून अधिक, त्याचा वर्ग चाळीसपटीहून अधिक. शिवाय लांब दांडीवरचे घर्षण आणि मागची पिसे यांमुळे बाणाचा रोधगुणांक गोळ्याच्या चौपट होतो.

रोधामुळे बाणाचा वेग थोडा घटतो. ते तितकेसे गंभीर नाही, कारण दर वेळी तो सारखाच घटतो आणि नेम तसा जुळवून घेता येतो. घोटाळा करतो तो आडवा वारा. पिसांमुळे बाण वातकुक्कुटासारखा किंचित वाऱ्याकडे तोंड वळवतो. रोध बाणाच्या लांबीच्या दिशेने मागे ओढत असल्याने त्याचा एक छोटा घटक आडवा होतो आणि बाणाला वाऱ्याबरोबर बाजूला सारतो. सेकंदाला २ मीटरची, झाडाची पाने जेमतेम हलवणारी झुळूकही ५० मीटरवर त्याला साडेचार सेंटिमीटर सरकवते. वर्तुळाची त्रिज्या आहे ४ सेंटिमीटर! मधोमध जाणारा बाण रेषेवर येतो. लक्ष्यावर लावलेल्या छोट्या झेंड्यांकडे तिरंदाज वारंवार का पाहतात, ते यावरून कळेल.

त्या बाईंना आता उत्तर देता येते. रोध वजनाच्या कितवा हिस्सा आहे ते काढा आणि तुम्हाला किती बारीक मोजायचे आहे ते पाहा. वर्गात हे दाखवायला धनुष्य नको. बॅडमिंटनचे पिसांचे फूल आणि एक गोटी दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे ६ मीटर उंचीवरून, एकदम सोडा. ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच फुलावरचा रोध त्याच्या वजनाएवढा होतो आणि मग त्याचा वेग वाढत नाही. खाली उभ्या मुलांना नीट पाहायला सांगा. गोटी जमिनीवर टेकते तेव्हा फूल अजून दीड मीटर वर असते.