गार इंजिन चालू करून दाखवा

वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की प्राणहिता होते आणि सुमारे 113 किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तिच्या एका अंगाला गडचिरोली, तर दुसऱ्या अंगाला बेज्जूरचा मुलूख. हा भाग 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता कोमाराम भीम आसिफाबादमध्ये आहे. पावसाळ्यात इथे वल्ह्यावर नाव काढायची तर दंडांची कसोटी लागते. त्यामुळे नावेच्या मागे बाहेरून अडकवायचे, पेट्रोलवर चालणारे इंजिन घ्यावे असे कुणालाही वाटेल. नवे परवडत नाही म्हणून जुने पाहिले जाते, आणि जुन्यात काहीतरी बिघाड असतोच. माझे म्हणणे असे की बिघडलेले इंजिन घेण्यात काही गैर नाही, पण बिघाड कुठे आहे हे न कळता ते घेणे कोणत्याही भावात महागच पडते.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो : धोका आहे म्हणून तर भाव कमी आहे, मग तक्रार कसली? याचे उत्तर अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दिले. 2001 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. चांगले कोणते आणि वाईट कोणते हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या मालाचा मालक विकायला तयार होत नाही, तो घरी बसतो. मागे उरतो तो खराब माल, मग भाव आणखी उतरतो आणि बरा मालकही निघून जातो. म्हणजे उतरलेल्या भावाने धोक्याची भरपाई होते असे नाही, कारण भाव उतरला तसा मालही उतरलेला असतो. यातून सुटायची वाट एकच, ती म्हणजे आतले कळेल अशी तपासणी करणे. तिची सुरुवात विकणाऱ्यापासून होते. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे त्याला तो उघडून दाखवायला अडचण नसते.

आता आत काय पाहायचे? इंजिन गार असताना चालू करायला लावावे. आपण पोहोचण्याआधीच ते तापवून ठेवले असेल, तर ते पुरते गार होईपर्यंत थांबावे, कारण झिजलेले इंजिन तापल्यावर निमूट चालू होते आणि गार असताना खरे बोलते. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर रिंग, पिस्टन किंवा सिलिंडर यांपैकी काहीतरी गेले असण्याचा संभव मोठा. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, बऱ्याच इंजिनांत पन्नासास एक आणि काही जुन्यांत पंचवीसास एक. ते एकदा जरी विसरले तरी आत ओरखडे पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. नवा रंग दिसला तर उलट अधिक बारकाईने पाहावे.

पाण्यात बुडणारा खालचा भाग तर सर्वांत दुर्लक्षित. तिथल्या गिअरपेटीचा तळचा स्क्रू सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर सील गळते आहे आणि पाणी आत शिरते आहे. त्यात धातूची चमक दिसली तर गिअर झिजले आहेत. तेल अगदी स्वच्छ, कालच भरल्यासारखे असेल, तर तेही पुरेसे नाही. इंजिन चालवून झाल्यावर ते पुन्हा पाहावे. थंडावा देणारे पाणी खालच्या रबरी इंपेलरने वर खेचले जाते आणि मागून बारीक धारेने बाहेर पडते. धार नसेल तर नुसते भोक चिखलाने बुजलेले असू शकते, किंवा इंपेलर गेलेला असू शकतो. इंपेलर ही स्वस्त वस्तू आहे. तो नसताना इंजिन किती वेळ चालवले गेले, हा खर्चाचा प्रश्न. प्राणहितेच्या रेतीमिश्रित पाण्यात तो झिजणारच, हे गृहीतच धरावे. इंजिन किनारपट्टीवरून आलेले असेल, तर मिठाने पोखरलेले बोल्ट आणि गंज स्वतःवर घेऊन संपलेला जस्ताचा तुकडा यांकडेही पाहावे.

टू-स्ट्रोक साधे असते, कागजनगरचा मोटारसायकलवाला मिस्त्री दुरुस्त करील, असेही म्हटले जाईल. कार्बोरेटर आणि प्लग यांपुरते ते खरे आहे. पाण्यात बुडणारी अशी गिअरपेटी आणि नदीचे पाणी खेचणारा पंप मात्र मोटारसायकलला नसतो, आणि त्यांचे सुटे भाग त्याच मॉडेलचे लागतात. म्हणून भाग मिळतात की नाही हे सौद्याआधीच विचारून ठेवावे. इंजिनाचा पाण्यात उतरणारा दांडाही मोजावा. तो सहसा 15 किंवा 20 इंचांचा असतो, आणि नावेच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळला नाही तर उत्तम इंजिनही कुचकामी. (निमुळत्या टोकाच्या देशी नावेला तर अशी फळीच नसते, ती आधी बसवावी लागते.) शेवटी निदान अर्धा तास, माणसे बसवून, नदीत चालवून पाहावे. पिंपातल्या पाण्यात ते चालू होते एवढेच कळते. तापल्यावर दगा देणारी कॉइल ओझ्याखालीच उघडी पडते.

विकणारा ओळखीचा आहे, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? पण ओळखीच्या माणसालाही स्वतःच्या गिअरपेटीतले पाणी ठाऊक असेलच असे नाही. शिवाय 1930 चा मालविक्री कायदा इथे घेणाऱ्याच्या मदतीला फारसा येत नाही. खासगी माणसाने दोष न लपवता आहे तसे विकले, तर गुणवत्तेची हमी गृहीत धरली जात नाही. माल चोरीचा निघाला तर घेणाऱ्याकडे मालकीही येत नाही. म्हणून इंजिनावरचा क्रमांक पावतीवर उतरवून घ्यावा, आणि तो खरवडलेला असेल तर इसार देऊ नये. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार यंत्राने चालणाऱ्या नावेची नोंदणी लागते, तेव्हा तिचीही चौकशी पैसे मोजण्याआधी करावी.