ओसरीवरून जगाची यात्रा

वैशाखातील भर दुपारी निंबर्ग्याच्या वाटा ओस पडतात. शाळेला सुटी असते, रान उन्हात तापत असते आणि वडीलमंडळींचा नुकताच डोळा लागलेला असतो. अशा वेळी मुले कंटाळून विचारतात, "आम्ही कोठे जायचे?" थंड हवेच्या ठिकाणी जाणे सर्वांनाच परवडत नाही. परंतु घरात एखादे चांगले प्रवासवर्णन असेल, तर ओसरीवर बसूनही सातासमुद्रांपलीकडे जाता येते.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जे पाहिले, ते १८८९ साली मराठीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तो ग्रंथ वाचताना त्यांचे बोट धरून आपणही ते नवे जग पाहू लागतो. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८७३ च्या कादंबरीत आपल्या नायकाला ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडविली आणि वाटेत मुंबईहून आगगाडीने खानदेशातही आणले. स्वतः व्हर्नने मात्र हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता! त्याला येथवर पोचविले ते पुस्तकांनीच.

आपल्या आळंद तालुक्यातील वाचकाला तर याहून जवळची एक गोष्ट ठाऊक असावयास हवी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकावयाचा एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बीदर येथे पोचला. आपल्या टिपणांत त्याने आळंदच्या यात्रेचे वर्णन केले आहे. यात्रेचा बाजार दहा दिवस भरे आणि तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. रात्री ओरडणारा एक पक्षी ज्या घरावर बसेल तेथे मृत्यू येतो, ही आळंदची समजूतही त्याने टिपून ठेवली आहे. घुबडाविषयी असेच काही आपल्या आजीकडून कोणी ऐकले नाही?

या प्रवाशाचे एक दुःख मनाला चटका लावते. व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची पुस्तके हिरावून नेली होती. त्यामुळे परमुलखात उपवासकाळ केव्हा लागला आणि पास्काचा सण कोणत्या दिवशी आला, हेही त्याला कळेना. तो अंदाजाने दिवस मोजी आणि देवाची करुणा भाकी. पुस्तकांवाचून माणूस किती एकाकी होतो, हे त्याच्याइतके कोणी जाणले असेल? परतीच्या वाटेवर, घरी पोचण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला. मागे राहिली ती टिपणे. त्यांचे इंग्रजी भाषांतर १८५७ साली छापले गेले.

आपले गाव म्हणजे जगाचे टोक, येथे पाहण्यासारखे काय आहे, असे आपल्या मुलांना कित्येकदा वाटते. निकितिनलाही आळंद जगाचे टोकच वाटले असेल. पण त्याने ते डोळे भरून पाहिले. उत्तम प्रवासवर्णन वाचकाला दूर नेते आणि परत आणताना ही दृष्टी देते.

म्हणून या सुटीत रोज अर्धा तास तरी घरात वाचन व्हावे. एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने नकाशावर बोट फिरवावे, आणि आजीआजोबांनी मध्येच थांबवून आपली आठवण सांगावी. पहिला पाऊस पडेपर्यंत सारे घर जग पाहून आलेले असेल.