तणांची ओळख : मुळापासून

‘तण खाई धन’ ही म्हण खेड्यातील मुलांच्या कानांवरून नेहमी जाते. परंतु तण धन खाते म्हणजे नेमके काय करते, याचा उलगडा वर्गात क्वचितच होतो. पिकासाठी घातलेले खत, जमिनीतील ओल आणि सूर्यप्रकाश या तिन्हींत तण वाटेकरी होते. पीक कोवळे असताना ही वाटणी त्याला सर्वांत अधिक जाचते. म्हणून तण लहान असतानाच ओळखता आले पाहिजे. त्याची वाढ व प्रसार कसा होतो हे कळले, म्हणजे उपायही आपोआप सुचतो.

लव्हाळा गवतासारखा दिसतो. पण तो गवत नव्हे. त्याचा फुलोऱ्याचा दांडा चिमटीत फिरवल्यास तीन कडा बोटांना लागतात. हरळीची काडी गोल व पेरेदार असते. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचा भाग खुरपला तरी खालच्या गाठी पुन्हा फुटतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या उन्हात वाळविणे, हा त्यावर जुना व खरा उपाय होय.

केन्याची निळी फुले सर्वांना दिसतात. पण तो जमिनीखालीही मिटलेली फुले धरतो व तेथेच बी तयार करतो. शिवाय त्याचा तुटलेला तुकडा ओल्या मातीत पेरापाशी मूळ धरतो. म्हणून खुरपलेला केना वाफ्यात न टाकता शेताबाहेर न्यावा.

ज्वारीतील टारफुला याहून कपटी. त्याचे बी धुळीसारखे बारीक असून जमिनीत कित्येक वर्षे टिकते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे ते रुजते आणि त्याच मुळांना चिकटून अन्नरस शोषते. तो जमिनीवर दिसेपर्यंत पिकाची बरीच हानी झालेली असते. तरीही फुलण्यापूर्वी तो उपटल्यास पुढील वर्षांचे बी टळते.

गाजरगवत भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले. मूळचे अमेरिका खंडातील हे झाड नावाने गवत असले, तरी सूर्यफुलाच्या कुळातील आहे. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया होतात. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या त्वचेला खाज सुटते व परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढतो. यास्तव शाळेच्या श्रमदानात हे काम मुलांना देऊ नये. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व नाकातोंडाला फडके बांधून, जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वीच ते मुळासकट उपटावे.

मात्र प्रत्येक तण निरुपयोगी असते, असे मुलांना शिकवू नये. तांदुळजा, घोळ व कोवळा कुर्डू यांची भाजी घरोघरी होते. नको त्या ठिकाणी उगवलेली वनस्पती म्हणजे तण, एवढीच त्याची व्याख्या.

पावसाळ्यात एके दिवशी मुलांनी बांधावरून लव्हाळा, हरळी व केना मुळांसकट आणावेत. मुळे धुऊन प्रत्येकाचे चित्र वहीत काढावे आणि त्याखाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : हे कशाने पसरते? ते केव्हा व कसे काढावे? पाठ्यपुस्तकातील वनस्पतींचा धडा अशा रीतीने थेट घरच्या शेताशी जोडला जाईल.