गुळाच्या पाण्यातून काळा रंग



विटलेली सुती चादर टाकून देऊ नका, ती घरीच काळी रंगवता येते. राजस्थानात बगरूचे छपाईवाले आणि आंध्रातले कलमकारीचे कारागीर काळा रंग गुळावरच करतात.

मातीच्या मडक्यात १० लिटर पाणी, १ किलो गूळ आणि १ किलो गंजके लोखंड टाका. मोडका विळा, कोळप्याची झिजलेली पास, काहीही चालते. तोंडाला नुसते फडके बांधा. आत वायू धरतो, म्हणून घट्ट झाकण नको. १५ ते २० दिवसांत गूळ आंबतो आणि त्या आंबटपणात लोखंड उतरते. मग पाणी गाळून घ्या.

चादरीची खळ धुऊन काढा. हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात भिजवून वाळवा, नंतर लोखंडाच्या पाण्यात बुडवा. हिरड्याचा तुरटपणा व लोखंड एकत्र आले की काळा रंग धरतो. टेरिलीनवर मात्र तो बसत नाही.

लोखंडाचे पाणी कापडात राहिले तर सूत कुजते, म्हणून भरपूर पाण्यात खळबळून धुवा. आधी एका चिंधीवर करून पाहा.

आणि एक सांगणे. फवारणीची बादली किंवा स्वयंपाकाचे भांडे यासाठी घेऊ नका. घरात आहे म्हणून मोरचूद रंगात टाकू नका, ते विषारी आहे. मडके मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा.

— ऊस विकास अधिकारी