आकाशांतील बिऱ्हाड आणि त्याचे चार पाहुणे

सन २०२५ च्या मे महिन्याच्या २५ तारखेस चार माणसें अमेरिकेंत एका बंदिस्त निवासांत राहावयास गेलीं. त्यांपैकीं कोणीहि आजारी नव्हतें. उलट, आजार त्यांच्यापर्यंत पोहोंचूं नये म्हणूनच त्यांना इतर माणसांपासून दूर ठेवण्यांत आलें होतें. कारण त्यांना ज्या घरीं जावयाचें होतें तेथें एकाचें पडसें सर्वांस होण्यास वेळ लागत नाहीं, आणि वैद्यास बोलावूं म्हटलें तर तो येऊं शकत नाहीं. दोन आठवड्यांचा म्हणून योजिलेला हा एकांतवास पुरा एक महिना लांबला. तो कां लांबला हें समजण्यासाठीं त्या घराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

हें घर म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. त्याचा 'झार्या' नांवाचा पहिला भाग सन १९९८ च्या नोव्हेंबरांत रशियाच्या अग्निबाणानें वर नेला. पुढें अमेरिका, रशिया, युरोप, जपान व कॅनडा यांनीं, एखाद्या जुन्या वाड्यास पिढ्यापिढ्यांनीं पडवी आणि माडी जोडावी त्याप्रमाणें, खोलीस खोली जोडून तें वाढविलें. २ नोव्हेंबर २००० रोजीं पहिले रहिवासी तेथें उतरले. तेव्हांपासून तें घर एक दिवसहि ओस पडलेलें नाहीं. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पंखांसह त्याची लांबी सुमारें १०९ मीटर भरते व वजन चारशें टनांहून अधिक आहे. तें भूपृष्ठापासून सुमारें ४०० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें अडीचशें मैल, उंचीवर असतें. हा आंकडा ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. मुंबईहून सोलापूर रस्त्यानें जितकें दूर, जवळजवळ तितकेंच हें घर वर आहे. रात्रीं मोटारींत बसलेला मनुष्य सकाळीं पोहोंचेल एवढेंच अंतर.

मग तेथील माणसें तरंगतात तीं कशामुळें? इतक्या उंचीवर पृथ्वीचें आकर्षण पोहोंचत नाहीं, असें उत्तर शाळकरी मुलेंच काय, पण शिकलेलीं माणसेंहि देतात. तें चूक आहे. त्या उंचीवर आकर्षण जमिनीवरच्या मानानें सुमारें नऊ दशांश तरी शिल्लक असतें. स्थानक खालीं पडत नाहीं हें म्हणणेंहि तसें पाहिलें तर चूकच. तें अखंड पडत असतें. न्यूटननें यासाठीं उंच डोंगरावरील तोफेचें उदाहरण घेतलें होतें. गोळा जितका जोरानें उडवावा तितका तो दूर जाऊन पडतो. आणि वेग पुरेसा झाला म्हणजे गोळा जितका खालीं येतो तितकीच गोल पृथ्वीची पाठहि त्याच्याखालून दूर वळते. स्थानक एका सेकंदांत सुमारें ७·७ किलोमीटर पुढें जातें आणि तेवढ्याच अवधींत सव्वाचार मीटरांहून किंचित् अधिक खालीं पडतें. परंतु इतक्या अंतरांत पृथ्वीचा पृष्ठभागहि नेमका तितकाच खालीं गेलेला असतो. म्हणून उंची कायम राहते आणि सुमारें त्र्याण्णव मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी होते. दिवसांतून पंधरा-सोळा वेळां सूर्य उगवतो आणि तितक्याच वेळां मावळतो.

तरंगण्याचें कारणहि यांतच आहे. विहिरींत भरलेला पोहरा वर येत असतां दोर तुटला, तर खालीं जातांना आंतील पाणी पोहऱ्याच्या तळास दाबीत नाहीं, कारण तळहि पाण्याइतक्याच वेगानें खालीं जात असतो. स्थानकांतील माणूस हें पाणी व स्थानक हा पोहरा. फरक इतकाच कीं या विहिरीस तळ नाहीं.

अशा घराशीं जाऊन भिडावयाचें कसें, हा पुढला प्रश्न. येथें नेहमींचा अनुभव उपयोगीं पडत नाहीं. पुढें चाललेली गाडी गांठावयाची तर आपल्या गाडीचा वेग वाढवावा, हें कोणीहि सांगेल. अंतराळांत असें केलें तर यान अधिक उंच कक्षेंत चढतें. उंच कक्षेची फेरी मोठी आणि तेथील चाल मंद, त्यामुळें तें मागें पडत जातें. म्हणून पाठलाग करणारें यान प्रथम मुद्दाम खालच्या कक्षेंत ठेवतात. तेथें फेरी लवकर पुरी होते आणि प्रत्येक फेरींत यान थोडें थोडें पुढें सरकतें. अंतर कमी झालें म्हणजे मोजून मापून यंत्रें थोडा वेळ चालवून तें टप्प्याटप्प्यानें वर आणावयाचें. वारींतील गर्दींत आडवाटेनें पुढें जाऊन दिंडी गांठावी तसा हा प्रकार आहे.

आतां ते चार प्रवासी. नायिका पेगी व्हिट्सन ही अमेरिकेची, वयानें पासष्ट वर्षांची, आणि पूर्वीं स्थानकाची प्रमुख म्हणून राहून आलेली. इतकें दीर्घकाळ अंतराळांत राहिलेला दुसरा अमेरिकन नाहीं. ही सफर धरून तिचे दिवस सुमारें ६९५ भरले. यानचालक भारताच्या वायुदलांतील ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ल. उरलेले दोघे, पोलंडचा स्लावोश उझ्नान्स्की-विस्निएव्स्की आणि हंगेरीचा तिबोर कापु, हे अभियंते. अॅक्झिअम नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ही चवथी सफर जुळविली होती; अग्निबाण व यान स्पेसएक्स कंपनीचें, आणि नासा, युरोपची अंतराळसंस्था व भारताची इस्रो यांचें साहाय्य. भारतानें आपल्या माणसाच्या शिक्षणासाठीं व जागेसाठीं सुमारें ५५० कोटी रुपये वेंचले. हा खर्च थोडा नव्हे. परंतु जो देश आपलेंच 'गगनयान' बांधूं पाहतो त्यास एक अनुभवी माणूस लागतोच, आणि अनुभव उसना मिळत नाहीं.

एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. नायिका सोडली तर बाकी तिघांच्या देशांतून यापूर्वीं एकेकच नागरिक देशाच्या वतीनें अंतराळांत गेला होता, आणि तेहि तिघे सोव्हिएट रशियाच्या 'सोयूझ' यानानें 'साल्यूत' स्थानकांवर गेलेले: पोलंडचे हेर्माशेव्स्की १९७८ सालीं, हंगेरीचे फार्कश १९८० सालीं व भारताचे राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलांत. त्या जुन्या सफरींना इंटरकॉसमॉस असें नांव होतें. महाराष्ट्राचा संबंध एवढाच कीं राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ल हे दोघेहि पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. शर्मा वर गेले तेव्हां शुक्लांचा जन्महि झाला नव्हता.

उड्डाणाचा पहिला मुहूर्त २९ मेचा. तो आधींच पुढें गेला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांतला दिवस वाऱ्यानें घालविला. वाऱ्याचें कांहीं विशेष नाहीं, तो निवतो. खरी गोष्ट त्यानंतरची. अग्निबाण खुंटास जखडून त्याचीं यंत्रें क्षणभर चालवून पाहतात. ती परीक्षा ८ जूनला झाली, आणि पाहणींत पहिल्या टप्प्यांत द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. या अग्निबाणांत रॉकेलासारखें इंधन जाळतात आणि तें जाळण्यास लागणारा प्राणवायु शून्याखालीं १८३ अंशांहूनहि थंड करून, पातळ करून, टाकींत भरतात. इतक्या थंडीनें धातु आकसतो. साध्या हवेंत घट्ट बसलेला सांधा त्या थंडींत फट दाखवूं शकतो. हाच अग्निबाण पूर्वीं एकदां उडून सुखरूप परत आलेला होता. तेव्हां गळती थोडी आहे, तेथें वायूचा झोत सोडून धोका टाळतां येईल, असा एक पक्ष निघाला. इस्रोच्या पथकास हें मान्य झालें नाहीं. गळती मुळांतून दुरुस्त करावी व तितक्याच थंडींत पुन्हां तपासून दाखवावी, असा आग्रह त्यांनीं धरला; इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन् यांनीं हें पुढें जाहीरपणें सांगितलें. पाहुण्यानें यजमानाच्या घोड्याचा नाल तपासावा तशी ही गोष्ट. पाहुणचाराच्या रीतीस ती धरून नसेल. पण घोड्यावर बसणारा आपल्या घरचा असेल तर रीत बाजूस ठेवावीच लागते. दुरुस्ती झाली.

तोंवर दुसरीकडून बातमी आली. स्थानकाच्या 'झ्वेझ्दा' या रशियन भागास टोंकाशीं एक लहानसा बोळ आहे. त्यांतून हवा बारीक झिरपत असल्याचें कित्येक वर्षें ठाऊक होतें, व त्याचें दार बंद ठेवून काम चालत असे. रहिवाशांनीं कांहीं जागा पुन्हां लिंपल्या, आणि बोळांतील हवेचा दाब एकाएकीं स्थिर झाला. सामान्य माणसास वाटेल, बरें झालें. परंतु अभियंते अधिकच काळजींत पडले. दाब स्थिर राहण्याचे अर्थ दोन: एक, छिद्रें बुजलीं, दुसरा, छिद्रें तशींच असून दाराच्या कडेनें मुख्य घरांतील हवा बोळांत शिरत आहे व बाहेर गेलेल्या हवेची भरपाई करीत आहे. गळक्या रांजणांतील पाणी कमी होत नाहीं, तें रांजण सांधला म्हणून कीं कोणी वरून ओतीत आहे म्हणून, हें नुसत्या पाण्याकडे पाहून कळत नाहीं. याचा उलगडा होईपर्यंत सात माणसांच्या घरांत आणखी चार माणसें धाडूं नयेत, असें नासानें ठरविलें. १९ जून गेला, २२ जून गेला. या सफरींत जें पुढें घडलें तें नेत्रदीपक होतें खरें. तथापि या थांबण्याच्या दिवसांतच तिचें खरें शहाणपण दिसतें.

अखेर २५ जूनला भारतीय वेळेप्रमाणें दुपारीं बारा वाजून एका मिनिटानें फ्लोरिडांतील केनेडी केंद्रावरून, तेथील मध्यरात्रीनंतरच्या अंधारांत, फाल्कन जातीचा अग्निबाण उडाला. पहिला टप्पा आपलें काम करून कांहीं मिनिटांतच किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. कक्षेंत गेल्यावर प्रवाशांनीं आपल्या नव्या यानाचें 'ग्रेस' असें नामकरण केलें. अठ्ठावीस तास वर सांगितलेला पाठलाग करून दुसऱ्या दिवशीं दुपारीं चार वाजतां यान स्थानकाच्या 'हार्मनी' भागाच्या वरच्या तोंडाशीं भिडलें. ही जोडणी यान आपली आपण करतें. चालकानें डोळ्यांत तेल घालून पाहत राहावयाचें. प्रथम हलकी पकड बसते, धक्का निवतो, मग आंकडे आवळले जातात, सांध्यांतून हवा गळत नाहीं ना हें तपासतात, आणि मगच दार उघडतें. आंत स्थानकाचे सात रहिवासी वाट पाहत होते. अमेरिका, रशिया व जपान येथील. पुढारीपण जपानच्या ताकुया ओनिशी यांच्याकडे होतें.

अठरा दिवसांत सुमारें साठ प्रयोग झाले. त्यांतील सात भारतीय शास्त्रज्ञांनीं योजिले होते: स्नायूंच्या पेशी, खाण्याजोगें शेवाळ, उकळत्या पाण्यापासून निर्वात पोकळीपर्यंत कांहींहि सोसणारा जलअस्वल नांवाचा सूक्ष्म जीव, इत्यादि. सर्वांत घरगुती प्रयोग धारवाडच्या शास्त्रज्ञांचा. शुक्लांनीं कांचेच्या बशांत मूग आणि मेथी भिजवून त्यांस मोड आणले. यांत पाहावयाचें तें काय? बीं कसेंहि उलटें सुलटें पडो, मूळ खालींच जातें. मुळाच्या टोंकाशीं पेशींमध्यें पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूस बसतात ती खालची बाजू, असें मुळास कळतें. जेथें कण बसतच नाहींत तेथें मुळानें कोठें जावें? मोड आल्यावर बशा शीतपेटींत ठेवून परत आणल्या, म्हणजे पेशींत काय फरक पडला हें जमिनीवर शोधतां येतें. दूरच्या सफरींत माणसास स्वतःचा भाजीपाला पिकवावयाचा असेल तर हें ठाऊक असलेंच पाहिजे. शुक्लांनीं फराळास नेलेला गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस सहप्रवाशांनीं वांटून खाल्ला. डब्यांत आमरस असावा, हें जूनमध्यें घर सोडणाऱ्यास शोभलें.

परतीचा मार्ग १४ जुलैला सुरू झाला. येतांना पाठलागाची जी कसरत, तिच्याहून परतण्यांत धोका अधिक असतो. यान वातावरणांत शिरतांना समोरची हवा दबून इतकी तापते कीं ढालीवरील उष्णता दीड हजार अंशांवर जाते, आणि कांहीं मिनिटें यानाशीं बोलणेंहि तुटतें. मग दोन लहान छत्र्या, त्यांमागून चार मोठ्या. १५ जुलैला दुपारीं तीन वाजतां यान कॅलिफोर्नियांत सान डिएगोच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत उतरलें.

शरीर मात्र इतक्या लवकर उतरत नाहीं. वर असतां रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात, तोंड सुजल्यासारखें होतें. पायांस काम उरत नाहीं, आणि भार वाहणारीं हाडें महिन्याला सुमारें एक टक्का झिजतात. म्हणून रोज दोन तास पट्ट्यांनीं बांधून घेऊन धांवण्याचा व्यायाम करावा लागतो. शुक्लांनीं परतल्यावर सांगितलें कीं छायाचित्र घेण्यासाठीं हातांत घेतलेला साधा फोनहि जड वाटला. आणखी एकदां ते बिछान्यांत बसून संगणकावर काम करीत होते. काम संपलें तसा त्यांनीं तो मिटला आणि, वर असतांना करीत त्याप्रमाणें, बाजूच्या हवेंत सोडून दिला. तो तरंगत राहील अशी त्यांची खात्री होती. तो खालीं पडला. सुदैवानें जमिनीवर गालिचा होता.